वसईला टाकलेली चिठ्ठी

“शेरिल गेली की ही कोणाशी बोलणार गं? मुकीच होईल!”

मागच्या सीटवरून आलं ते. मग दोघींचं हसू. बस खाडीच्या पुलावर होती. पुढे जपमाळ चालली होती — अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत, आमच्या बोरिवलीच्या पॅरिशमध्ये सगळंच तसं चालतं — आणि मी खिडकीबाहेर पाण्याकडे बघत राहिले. ऐकलंच नाही असं दाखवत. शेजारी फिलोमावशी बसली होती, शेरिलची आई. तिनं डब्यातले दोन फुगे काढले — आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती लोक, सणाला तळतो ते — आणि माझ्या हातात ठेवले. “खा बाय. वसई यायला वेळ आहे.”

त्या दिवशी मी जे केलं ते इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. कन्फेशनलाही नाही. खोटं बोलले, आईला उलट बोलले, रविवारचा मिस्सा चुकवला — फादरांसमोर गुडघे टेकून सगळं सांगत आले. एवढं सोडून. तुम्हाला का सांगते आहे? ओळख नाही म्हणून असेल. आणि मराठीत लिहिते आहे, कारण ती चिठ्ठी मी इंग्रजीत लिहिली होती.

शेरिल माझी मैत्रीण. गावठाणात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. मी लाजरी — हा फार गोड शब्द झाला. मला लोकांची भीती वाटायची. मराठी सगळी कळायची, पण इंग्रजी शाळेमुळे तोंडातून निघताना अडखळायची. इंग्रजीत बोलले तर गल्लीत शिष्ट ठरायचे. म्हणून दुकानात, कॉलेजच्या ऑफिसात, रिक्षावाल्याशी माझ्या वतीनं शेरिल बोलायची. मी तिच्या खांद्यामागे उभी राहून माणसं बघायचे. मला ते पुरत होतं.

मग ती नर्स झाली, आणि आयर्लंडच्या नोकरीचं निघालं.

पॅरिशची ट्रिप दरवर्षी जायची, वसईत जन्मलेल्या आमच्या संताच्या गावी. त्या वर्षी शेरिलची ड्यूटी होती, म्हणून मावशीच्या सोबतीला मी गेले. अजून आठवतं सगळं. वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, दोन्हीकडे केळी, विहिरींचे रहाट, नाक्यानाक्यावर चुना लावलेले क्रूस आणि त्यांच्या गळ्यात अबोलीचे हार. दारातल्या म्हाताऱ्या बस बघून हात हलवायच्या. सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची, पुडकी विकणारी बाई मावशीला म्हणाली, “बोरिवलीच्या का? मग दोन जास्त घ्या, तुमच्याकडे काय मिळतंय!” मावशी इतकी हसली! मीही हसले. तो दिवस सुंदर होता. हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तोंड पाडून फिरत होते.

चर्चमध्ये संताच्या पुतळ्याखाली एक लाकडी पेटी होती. लोक आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचे. मावशीनं बाकावर मला जवळ बसवलं. तिला मराठी वाचता यायचं, लिहिताही; इंग्रजी मात्र नाही. पण म्हणाली, “माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तू लिही. इंग्लिशमध्येच लिही, तुझं अक्षर कॉन्व्हेंटचं.”

आणि ती सांगू लागली. शेरिलचा व्हिसा होऊ दे. पोरीनं फार मेहनत केली आहे. व्हिसा होईपर्यंत मी म्हावरं तोंडात घालणार नाही. मग पुतळ्याकडे बघत म्हणाली, “हा पण इथूनच गेला ना परमुलखात. त्याला कळेल.”

गेला. आणि परत आला नाही — तिकडेच त्याला क्रूसावर मारलं. मला तेवढंच सुचलं. खरंच तेवढंच? की मागच्या सीटवरचं ते हसू अजून कानात होतं? दोन्ही असेल. हात तर माझाच होता. मी लिहिलं — शेरिलला जाऊ देऊ नकोस. ती इथंच राहू दे. तीन ओळी, स्वच्छ वळणदार अक्षरात. आणि खाली मावशीचं नाव.

हे तरी एक वेळ — पण नाही, अजून आहे. मावशी म्हणाली, “वाच बघू, काही राहिलं का?” आणि मी कागद समोर धरून वाचलं. तिचं एकेक वाक्य, मेहनत, म्हावरं, परमुलूख, सगळं. जन्मात कधी इतकी न अडखळता मराठी बोलले नव्हते. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग चिठ्ठी घेतली, कपाळाला लावली, ओठांना लावली, आणि पेटीत टाकली.

दोन महिन्यांनी व्हिसा नाकारला गेला. कुठल्याशा कागदाची मुदत संपली होती म्हणे. संतानं माझं ऐकलं असं मी मानते का? बहुतेक नाही. पण शेरिल माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, मी तिच्या केसांतून हात फिरवत होते, आणि आतून मला आनंद झाला होता. तो मी लपवला. सहज लपला.

मावशी मात्र नवसाला धरून राहिली. आमच्यासाठी बोंबील तळायची आणि स्वतः वरणभात घेऊन बसायची. मी तिच्या समोर बसून बोंबील खाल्ले. वर्षभराहून जास्त.

पुढच्या खेपेला व्हिसा झाला. शेरिल गेली, तिला आता दोन वर्षं होतील. मी मुकी झाले नाही. ऑफिसात बोलते, रिक्षावाल्याशी भांडतेसुद्धा.

परवाच्या रविवारी मावशीकडे गेले होते. गल्लीतली जेनी आली होती. या वर्षी ट्रिपला ती जाणार, म्हणून मावशीला विचारत होती — आन्टी, मागणं कसं मागायचं? मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मन साफ ठेवून माग. पहिल्या खेपेला मी मागितलं, पण पोटात होतं की पोरगी जवळच राहावी. ते त्याला कळलं असणार. माझ्यापायी शेरिलचं वर्ष फुकट गेलं.”

इतक्या शांतपणे म्हणाली. म्हणजे एवढी वर्षं ती हेच धरून बसली होती.

मी जेनीला जायला सांगितलं नाही. तिच्यासमोरच बोलले.

“मावशी, तुझ्या मागण्यात काही खोट नव्हती. तू सांगितलेलं मी लिहिलंच नाही. शेरिलला जाऊ देऊ नकोस असं लिहिलं मी, तुझ्या नावानं — आणि तुला वाचून दाखवलं ते सगळं खोटं होतं.”