काकाजींचा कॉम्प्रेसर

दिग्रसला माझे पाय टिकले ते माझ्या घरमालकांमुळे, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही काकाजीच म्हणत आले. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आवाजावर इतकी माया करणारा आणि आवाजाला इतका भिणारा दुसरा माणूस झाला नसेल, पुढे होईलसंही वाटत नाही. धंदा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा. लग्न, भजन, सभा, पोळा, जिथं जिथं गावाला ओरडावंसं वाटे तिथं तिथं काकाजींचे कर्णे झाडावर चढत; आणि स्वतः काकाजी मात्र जगात कुणी ओरडू नये एवढ्या एका इच्छेवर जगत. घरातल्या प्रत्येक कडीला त्यांनी चिंधी गुंडाळली होती. घागरीखाली पोत्याची चुंबळ होती. शेजारचं बाळ रडायला लागलं की हे कुंपणाशी जाऊन त्याला समजावत, "रड बापा, पन एका पट्टीत रड." काकींच्या फोडणीशी तर त्यांचं रोजचं भांडण. मोहरी तडतडली की हे ओसरीतून दचकून विचारत, "एकदम कायले टाकतं व? हळूहळू टाक ना." आणि काकी, ज्यांचा आवाज निसर्गानंच कर्ण्यासारखा केला होता, आतून म्हणत, "अवो, मोहरी काय तुमाले इचारून तडतडन?" त्यावर काकाजी डोळे मिटून हवेतच एक न दिसणारं बटन मागं फिरवत.

मी त्यांच्याकडे खोली मागायला गेले तेव्हा दुकानात कापसाचं पीस उडत होतं. हंगाम होता, कापसातली सरकी काढणारे जिन चालू होते, आणि दिग्रसची हवाच त्या दिवसांत मऊ पांढरी होते. मी कोकणातली, पाचवीत शाळा सुटलेली. वडील गेले, पाठच्या बहिणींना सांभाळायला मी घरी राहिले आणि शिवण शिकले. मामांच्या ओळखीनं इथल्या महिला मंडळाच्या शिवणवर्गावर सहा महिन्यांच्या बोलीनं जागा मिळाली. वर्ग नीट चालला तर कायम. मंडळाला बाई सातवी पास हवी होती. मामांनी पत्रात तसं लिहून टाकलं आणि मी ते खोडलं नाही. तेवढी एक गोष्ट छातीत घेऊन मी त्या गावात वावरत होते, त्यामुळे माझं बोलणंच बिघडलं होतं. काकाजींनी माझं म्हणणं ऐकलं, कर्ण्यावर बसलेलं कापसाचं पीस फुंकरीनं उडवलं आणि म्हणाले, "खोली देतो. पन बाई, तुमचा पहिला शब्द जमिनीत जाते अन् तिसरा आभायात. मधातला कुठं हाय?" खरंच होतं ते. भ्यायलेली मी आधी पुटपुटायची, आणि कुणी "काय?" म्हटलं की किंचाळायची. शिवणवर्गातल्या पोरी माझ्या मागे माझी नक्कल करत, हे मला ठाऊक होतं.

कार्यक्रमात काकाजी ॲम्प्लिफायरजवळ लाकडी पाटावर बसत, उजवा हात आवाजाच्या बटनावर. बोलणारा ओरडला की बटन किंचित मागं, पुटपुटला की पुढं. बारा वर्षांत तो हात त्या बटनावरून उठला नाही, तहान लागली तर काकी पाणी पाजतात, असं लोक सांगत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ते बघतच नसत, खांद्यांकडे बघत. "माणूस ओरडाच्या आधी खांदे उचलते, बाई." एका प्रचारसभेत पुढाऱ्याचे खांदे सुरुवातीपासून जे वर गेले ते खाली येईनात. काकाजींनी बटन इतकं मागं नेलं की पुढाऱ्याला आपला आवाज ऐकू येईना, आणि शेवटी तो साध्या माणसासारखा बोलायला लागला. मतं किती पडली ते माहीत नाही, पण लोक घरी जाताना म्हणाले, आज काहीतरी समजलं.

पण हात एक, आणि तोही म्हातारा होत चाललेला. म्हणून काकाजींनी दोन वर्षं खपून एक मशीन बनवली होती. नागपूरच्या जुन्या बाजारातून पलटणीच्या सामानातले काचेचे व्हॉल्व आणले, एक इंग्रजी पुस्तिका पोस्टमास्तरांकडून ओळीओळीनं वाचून घेतली, आणि काकींचा लोणच्याच्या बरण्यांचा पत्र्याचा पेटारा कापून तिला अंग दिलं. नाव कॉम्प्रेसर. जिनातल्या लोकांना वाटे, प्रेसमध्ये कापूस दाबतात तशी ही आवाजाची गाठ बांधत असेल. "गाठ नाही रे बावा," काकाजी कळवळून सांगत, "कापसाची पऱ्हाटी लय उंच गेली का शेंडा खुडत नाही काय? तसा वाढलेल्या आवाजाचा शेंडा खुडाचा. अन् मंग सगळं शेतच थोडंसं वर उचलाचं, म्हंजे बुटकं झाड बी दिसते." मशीनीला एक काचेचं डोळ्याएवढं घड्याळ होतं, त्यात सुई. आवाज वाढला की सुई वाके. किती वाकावी याबद्दल काकाजींचा नियम एकच, "सुईनं नमस्कार करावा. लोटांगण घालाले लागली त समजाचं, आवाजाचा जीव चालला."

त्या मशीनीजवळ जायचे सोवळ्यापेक्षा कडक नियम होते. पायाखाली कोरडा पाट. ओल्या केसांनी काकींना उंबऱ्याच्या आत बंदी. मांजराला तर ओसरीतच बंदी. झाकण उघडायचं असेल तर आधी तार भिंतीतून ओढून काढायची, मग एक कप चहा सावकाश प्यायचा, मग लाकडी मुठीच्या दांड्याला बांधलेल्या रेझिस्टन्सनं आतल्या कंडेन्सरमध्ये साठून राहिलेली वीज जमिनीत सोडायची, आणि तरीसुद्धा डावा हात खिशात ठेवूनच आत उजवा हात घालायचा. "बटन बंद केलं का वीज झोपते, मरत नाही," ते सांगत. "दोन्ही हात आत गेले त ते एका हातातून येते अन् छातीतून दुसऱ्या हातात जाते. म्हनून एक हात घरी ठेवाचा." सवय इतकी अंगी मुरली होती की एकदा काकींनी त्यांना विहिरीत पडलेली बादली काढायला सांगितली, तर हे डावा हात खिशात घालूनच गळ सोडायला निघाले.

मंडळाचा वार्षिक मेळावा ठरला आणि अध्यक्षीणबाईंनी मला निरोप धाडला : शिवणवर्गाबद्दल चार शब्द तुम्ही बोलायचे, त्यानंतर कमिटी तुमच्या जागेचं ठरवील. मी तो निरोप घेऊन ओसरीवर बसून राहिले. काकी म्हणाल्या, "रडून कायले राह्यली व पोरी? बोलाचं हाय, मराचं नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग सुटल्यावर काकाजींनी मला दुकानात बोलावलं आणि माईकसमोर उभं केलं.

त्या दुपारी अजून डोळ्यांसमोर आहेत. बाहेर बैलगाड्यांची रांग जिनाकडे सरकायची, दुकानात पडदा ओढलेला, व्हॉल्व सावकाश तापून त्यांच्या पोटात तांबूस उजेड यायचा. काकाजी सगळी बटनं शून्यावर आणून मगच मशीन चालू करत, म्हणजे कुणाच्या कानाला इजा नको. मग मी बोलायचे. काय बोलायचं सुचेना म्हणून शिवणयंत्राच्या तेलाच्या डब्यावरचा मजकूर वाचायचे, पोलक्याची मापं म्हणायचे. "आता रोजच्यासारखं बोला. आता तुमच्या मायवर चिडल्यासारखं. आता देवाले सांगल्यासारखं." ते एकेक बटन केसभर हलवत. माझा ओरडा किती खुडायचा ते आधी ठरलं, मग माझी कुजबुज वर आणण्यासाठी सगळं शेत उचलायचं बटन बरंच पुढं गेलं. त्याबद्दल त्यांनी मला बजावलं होतं, "ध्यानात ठेवा. मोठा आवाज झाला का मशीन मान खाली घालते. मंग सगळीकडं चूप झालं का हळूहळू मान वर करते, अन् बारीकातलं बारीक ऐकते. थांबल्या त तोंड बाजूले करा." मी हो म्हटलं. आणि पहिल्यांदा कर्ण्यातून माझा आवाज ऐकला : शांत, सरळ, कुणाला न भिणाऱ्या एका बाईचा. मला वाटलं, ही कुठं राहत असेल? हिच्याकडे जाऊन चार दिवस राहावं.

मेळावा शाळेच्या पटांगणात, उन्हं कलती असताना. कडुलिंबावर दोन कर्णे. बंजारा तांड्यावरच्या बाया आरशांच्या चोळ्या घालून आलेल्या, गावातल्या बाया डोक्यावर पदर घेऊन, मागं कुंपणाशी पुरुषमंडळी. मी उभी राहिले. पहिला शब्द नेहमीसारखा घशात बुडाला, पण लिंबावरून तो साबूत खाली आला. मग मी बोलतच गेले. जुन्या लुगड्याचं झबलं कसं बेततात ते सांगितलं, काजं करताना कुणाचा हात कसा थरथरतो ते सांगितलं. मधेच भ्याले आणि आवाज चढला, तर कर्ण्यातल्या बाईनं तो सावरून घेतला. मी पाटाकडे पाहिलं. काकाजींचे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर झोपेतल्यासारखं हसू, आणि उजवा हात बटनावर नव्हता. मांडीवर होता.

माझं संपलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाई माईकशी आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सातवी पास झालेली ही पोर किती छान बोलली बघा! पुढच्या वर्षीपासून आपल्या बायांना लिहा-वाचायलाही हीच शिकवील." पुन्हा टाळ्या, पहिल्याहून मोठ्या. मग टाळ्या थांबल्या, सगळीकडे चूप झालं. मी माईकसमोरच होते. मला वाटलं मी मनातच बोलते आहे. ओठ हलले असतील तेवढेच. "देवा रे, पाचवीतनं शाळा सुटली माझी, आणि ह्या सातवी म्हणतायत."

लिंबावरून ते वाक्य त्याच शांत, सरळ आवाजात पटांगणभर आलं. एक अक्षर कमी नाही.

अध्यक्षीणबाईंचा हात माझ्या खांद्यावरून हळूच निघाला. तेवढ्यात काकाजी पाटावरून उठले, धोतराचा सोगा सावरत मंचावर आले आणि माईक आपल्याकडे ओढला. "मंडळी, माफी करा. मशीन बिघडली. रेडिओवरचं कोनतं तरी नाटक आत घुसलं."

कुंपणापासून एक म्हातारा ओरडला, "काहो काकाजी, नाटकातली बाई बी कोकणातलीच हाय काय?"

"आता टेशनच तिकडलं हाय त बाई का वऱ्हाडातली येईन?" काकाजी म्हणाले, "दोन वर्सं झाले, बिघडलेलीच हाय ते. इथं आनालेच नाही पाह्यजे होती म्या."

लोक हसले. बाया हसल्या, पुरुष तर पोट धरून. "वा रे मशीन!" "पुढच्या खेपेले तमाशा पकडा!" त्या हशात काकाजींनी सगळ्यांसमोर तार ओढली आणि पेटारा काखेत घेऊन पटांगणातून चालत गेले. जी मशीन माईकमधून दिलेल्या आवाजाशिवाय दुसरं काही घेत नाही आणि घेतलेलं लपवत नाही म्हणून ते पुसदपर्यंत सांगत फिरले होते, तीच.

दिवेलागणीला मी ओसरीवर गेले. पेटारा बाजेखाली सरकवलेला, वर काकींच्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. काकी भाकरी थापत होत्या, तीही हलक्या हातानं. मी म्हटलं, "काकाजी, मशीन चांगली होती."

"चांगली होती म्हनून त ऐकू गेलं."

"मग तुम्ही खोटं का सांगितलं?"

"चूक माही होती. म्या हात सोडला. आयकत बसलो." मग म्हणाले, "मशीनचं काय, दुसरी बनवता येते. तुमी कोकणात गेल्या असत्या त मले कोनं सांगतले असते पोलक्याचे मापं?"

काकी आतून म्हणाल्या, "जेवून घ्या दोघं. अन् हळू बोला, लोकं ऐकतात."

माझी जागा कायम झाली. अध्यक्षीणबाई पुढं महिन्याभरानं पोलक्याचं माप द्यायला आल्या तेव्हा बाही मोजताना सहज म्हणाल्या, "ते रेडिओवरचं नाटक चांगलं होतं हं. त्यातल्या बाईनं बाहेरून परीक्षेला बसावं असं मला आपलं वाटून गेलं." मी सुया तोंडात धरलेल्या होत्या म्हणून बरं. काकाजींना मात्र पुन्हा कुणी मशीन लावू दिली नाही. "काकाजी, तुमी हातानंच करा बापा," लोक म्हणत, आणि ते हातानं करत राहिले. आता त्यांची बोटं संधिवातानं आखडलीत. बटन मागं न्यायला वेळ लागतो, तेवढ्यात एखादी किंकाळी निसटते आणि काकाजी दचकतात. दुसरी मशीन त्यांनी बनवली नाही. कधी दुपारी मी शिवणवर्गातून येते तर ते बाजेवर बसलेले असतात, खाली हात घालून पत्र्यावरची धूळ पुसत. मला बघून हात काढून घेतात.

मी सहावीची पुस्तकं संपवलीत. सातवीचा भूगोल मला जड जातो, अपूर्णांकही. पण बसणार आहे. ज्या दिवशी निकाल येईल त्या दिवशी तो पेटारा बाजेखालून काढून, काकाजींना पाटावर बसवून, त्याच पटांगणात मी माईकसमोर उभी राहणार आहे, आणि सगळ्या दिग्रसला सांगणार आहे की मशीन कधीच बिघडली नव्हती, ती बाई मीच.