बावीस गाणी आणि अर्धी गोष्ट

आमचे भावोजी पोटासाठी चष्मे विकतात आणि जिवासाठी नाटकं बसवतात. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर आणि मध्ये एक जाड पडदा. पडद्याच्या पुढे ते लोकांना स्वच्छ दिसेल अशी व्यवस्था करतात आणि पडद्याच्या मागे त्यांना स्वतःला काही म्हणजे काही दिसत नाही, असं माझ्या बहिणीचं, ताईचं, लग्नापासूनचं मत आहे.

धंद्याची एक सवय त्यांच्या अंगात मुरली आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची ती जड फ्रेम चढवायची, एक भिंग काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" हा प्रश्न ते घरातही विचारतात. उशी बदलली, चहात साखर कमी पडली, पाहुणे बदलले, तरी "आधीचं बरं की आताचं?" लग्नाला तीस वर्षं झाली त्या दिवशी ताईने त्यांच्याकडे बघत हाच प्रश्न मोठ्याने स्वतःला विचारला होता. उत्तर तिने अजून जाहीर केलेलं नाही.

व्यापाऱ्यांच्या नाट्यमंडळाचे भावोजी कायमचे लेखक आणि दिग्दर्शक. कायमचे, कारण दुसरं कुणी त्या खुर्चीकडे फिरकत नाही. त्यांच्या नाटकांना लोक येत नाहीत असं मुळीच नाही. लोक येतात, चांगले नटूनथटून येतात. फक्त मध्यंतराला चहा प्यायला म्हणून जे बाहेर पडतात, ते तो चहा थेट आपापल्या घरी जाऊन पितात. दुसऱ्या अंकाला उरतात ती नटांची बायकामुलं आणि एखादा गाढ झोपलेला गृहस्थ. भावोजींचं आयुष्यात एकच मागणं होतं. एकदा, फक्त एकदा, पहिल्या अंकाला बसलेली माणसं दुसऱ्या अंकाला त्याच खुर्च्यांवर पुन्हा दिसावीत. बक्षीस नको, शाल नको, फोटो नको.

गेल्या वर्षी मंडळाने त्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "यंदाचे दोन प्रयोग करा. हेही पडलं तर नाटक बंद. कॅरम सुरू करू. त्याला मध्यंतर नसतं."

भावोजी घरी आले ते युक्ती घेऊनच.

"अगं, आपण उगाच नवीन लिहीत बसलो. लोकांना नवीन नकोच असतं. जुनी गाणी घ्यायची, लोकांच्या ओठांवर बसलेली, आणि त्यांच्याभोवती नाटक गुंफायचं. गाणं सुरू झालं की कोण उठून जातंय!"

"गाणी कुठली?" ताईने विचारलं. नाटकात पेटी वाजवायला तीच बसते, म्हणजे बोटं तिचीच मोडणार होती.

"ते जनता ठरवेल."

आणि खरोखर जनतेने ठरवलं. तपासणीच्या खुर्चीत माणूस अडकलेला असतो. नाकावर फ्रेम, एका डोळ्यावर झाकण, समोर अक्षरांचा तक्ता. पळणार कुठे? भावोजी म्हणत, "चौथी ओळ वाचा. छान. आता तुमचं सगळ्यात आवडतं गाणं सांगा." कुणी होडीचं गाणं सांगितलं, कुणी अंगाई, कुणी पत्राचं, कुणी विरहाचं. निवृत्त हेडमास्तरांनी पहाटेचं गाणं सांगितलं आणि वर त्याचं एक कडवं त्या एका डोळ्यानेच, म्हणजे दुसऱ्यावर झाकण असताना, गाऊन दाखवलं. प्रत्येकाला भावोजींचा शब्द गेला, "तुमचं गाणं नाटकात असणार म्हणजे असणार." अशी बावीस गाणी जमली आणि बावीसच्या बावीस त्यांनी नाटकात घातली.

आता गोष्ट. बावीस गाण्यांमधून वाट काढत जाताना त्या बिचारीची काय दशा झाली असेल! होडीचं गाणं आहे, म्हणून नायक पहिल्या प्रवेशात नावाडी. पुढे औषधाच्या बाटलीचं एक गमतीचं गाणं होतं, म्हणून तोच नायक तिसऱ्या प्रवेशात डॉक्टर. मधल्या काळात तो शिकला कधी, हे विचारायचं नाही. अंगाईसाठी नायिकेला मूल हवं होतं, पण लग्नाचं गाणं तर शेवटी ठेवलेलं. तेव्हा मूल शेजारणीचं दाखवलं. विरहाच्या गाण्यासाठी एक चांगला, धडधाकट काका परदेशी पाठवला. मी पोस्टमन होतो. पत्राचं गाणं म्हणून मी जन्माला आलो आणि गाणं संपल्यावर मला परत कुणी पाहिलं नाही. आणि प्रत्येक गाण्याआधी कुणीतरी हमखास म्हणायचं, "चला तर मग, या गोष्टीवर एक गाणं होऊन जाऊ दे!" हे वाक्य कानावर पडलं की ताई आपोआप पेटीचा भाता उघडायची.

पहिल्या प्रयोगाला सभागृह गच्च भरलं. होडीच्या गाण्याला सगळं सभागृह गात होतं. इतकं, की नायकाचं काम करणारे औषधवाले तोंड नुसतंच हलवत होते आणि तरी त्यांना टाळ्या पडल्या. भावोजी विंगेत उभे राहून माझा दंड दाबत होते. "बघा शालकबुवा, बघा!"

मग पहाटेचं गाणं झालं. ते संपलं तसे हेडमास्तर उठले, मफलर नीट गुंडाळला, चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "छान! आमचं झालं," आणि निघून गेले.

भावोजींचा हात माझ्या दंडावरून सुटला.

पुढच्या गाण्यानंतर बेकरीवाला गेला, त्याच्या पुढच्या गाण्यानंतर शिंपीणबाई आपल्या दोन्ही जावांना घेऊन गेल्या. ज्याचं त्याचं गाणं झालं, की ज्याला त्याला घर आठवत होतं. मध्यंतरापर्यंत निम्म्या खुर्च्या मोकळ्या. आणि घंटा झाल्यावर चमत्कार! दारातून माणसांचा लोंढा आत आला. भावोजींचे डोळे भरून आले. "आले गं, परत आले!" असं ते पेटीजवळ जाऊन ताईच्या कानात ओरडले.

"परत नाही हो," ताई म्हणाली, "हे पहिल्यांदाच आलेत."

खरंच होतं. ज्यांची गाणी दुसऱ्या अंकात होती, ते दुसऱ्या अंकालाच आले होते. पहिला अंक फुकट कशाला बघायचा? सभागृह भरलं होतं, फक्त माणसं नवी होती. दुसऱ्या अंकभर ती एकमेकांना विचारत होती, "हा कोण?" "डॉक्टर असावा." "मग वल्हं का धरलंय?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर चष्म्याची काडी सैल झाली म्हणून दुकानात आले आणि बसल्या बसल्या निकाल देऊन गेले. "वाईट वाटून घेऊ नका. पण ते नाटक नव्हतं, ज्यूकबॉक्स होता. नाणं टाकलं, गाणं वाजलं. फरक एवढाच की ज्यूकबॉक्स दोन गाण्यांच्या मध्ये भाषण करत नाही."

भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी दोन्ही वेळचं जेवले, पण मान खाली घालून. ताईने त्यांना पोटभर जेवू दिलं आणि मग विचारलं, "अहो, त्या होडीचं पुढे काय झालं?"

"कुठल्या होडीचं?"

"नायक होडीतून येतो, गाणं म्हणतो, उतरतो आणि डॉक्टर होतो. होडी कुठे गेली?"

"विंगेत गेली. दोघांनी ढकलली ना."

"ते मला दिसलं, मी तिथेच बसले होते. गोष्टीत कुठे गेली? आयुष्यभर होडी वल्हवलेला माणूस एका गाण्यात ती सोडून कसा जाईल? का सोडतो? मला तर पुढची सगळी गाणी वाजवताना त्या होडीचीच काळजी लागली होती."

भावोजी चष्मा काढून पुसत बसले. काचा झिजतील की काय असं वाटेपर्यंत पुसल्या. मग उठून पडद्यापलीकडे दुकानात गेले आणि तपासणीच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसले. सकाळी ताईने शटर उघडलं तेव्हा त्यांच्या मांडीवर नवं नाटक होतं. नदीवर पूल झाला आहे आणि म्हाताऱ्या नावाड्याकडे आता कुणी फिरकत नाही. मुलगी म्हणते होडी विका, माझ्याकडे राहायला या. एवढंच. बावीसपैकी सात गाणी उरली होती.

"आणि बाकीची पंधरा?" ताईने विचारलं.

भावोजींचा चेहरा उतरला. गाणी काढणं सोपं होतं. ज्यांना शब्द दिला होता ती माणसं रोज दुकानावरून जात होती.

त्यांनी प्रत्येकाला गाठून सांगितलं, आणि सांगायची जागा तीच, तपासणीची खुर्ची. "तिसरी ओळ वाचा. उत्तम. तुमचं गाणं काढलं." बेकरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा न करताच गेला. हेडमास्तर मात्र फ्रेम नाकावर ठेवूनच उभे राहिले.

"माझं पहाटेचं गाणं काढलंत?"

"सर, गाणं फार चांगलं आहे. पण नाटकात ते म्हणणारं कुणी नाही."

"मग घाला एखादा!"

"घातला होता ना सर. तुम्ही उठून गेलात, तो तिथेच उभा राहिला बिचारा. पुढे त्याला कामच नव्हतं."

हेडमास्तरांनी फ्रेम काढून टेबलावर ठेवली. "तुमच्या नाटकाला मी येणार नाही. आणि माझे डोळे समोरच्या दुकानात जातील." गेलेसुद्धा. समोरच्या दुकानाच्या काचेतून ते तक्ता वाचताना आम्हाला दिसत होते, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने वाचत होते.

माझाही पोस्टमन गेला. "पूल झाल्यावर पोस्टमन पुलावरूनच जाणार, तो होडीत कशाला बसेल?" असं भावोजींनी मला समजावलं. घरातल्या माणसाला खुर्चीत न बसवता, उभ्या उभ्याच.

तालमीत वेगळीच पंचाईत. औषधवाल्यांना होडीचं गाणं दोन्ही हात पसरूनच म्हणायची सवय. मागे आठ जण टाळ्या धरायचे. भावोजींना वाटलं, चालच बदलून टाकू, संथ, रडवी करू. ताईने भाता मिटला.

"चालीला हात लावायचा नाही. लोकांच्या घरातलं सामान आहे ते. आपण फार तर जागा बदलायची, मोडतोड करायची नाही. आणि हे टाळ्यावाले आधी बाहेर काढा. म्हातारा होडी विकायला निघालाय, सहलीला नाही."

"पण मग गाणं सुरू कसं होणार? 'गाणं होऊन जाऊ दे' असं कुणी म्हणायलाच हवं ना?" औषधवाले.

"गाणं येणार असं सांगितलं की लोक घसा साफ करून बसतात. काही सांगू नका. गिऱ्हाईक उद्या येणार म्हणून तुम्ही होडी पुसताय. पुसता पुसता तोंडात जे येईल ते येऊ द्या," ताई म्हणाली.

"पण आवाज तरी कुठे लावू?"

"लावूच नका. दुकानात गोळ्या मोजताना गुणगुणता तसं गुणगुणा. मी चोरून ऐकलंय, बरं गाता."

औषधवाले लाजले. तीस वर्षांत त्यांच्या गाण्याला 'बरं' म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

दुसऱ्या प्रयोगाला सभागृह जेमतेम पाऊण भरलं. पंधरा गाण्यांची माणसं रुसली होती, त्यामुळे त्यांच्या जावाही नव्हत्या. पहिला अंक सुरू झाला. लोक खोकत होते, खुर्च्या करकरत होत्या. भावोजी विंगेत उभे राहून कॅरमच्या सोंगटीला टिचकी मारावी तसं बोट अंगठ्यावर घासत होते. मला वाटतं, मनातल्या मनात ते सरावालाच लागले होते.

अंकाचा शेवट आला. औषधवाले फडकं घेऊन होडीजवळ बसले आणि गुणगुणू लागले. पहिली ओळ ओळखून सभागृह खुशीत आलं. तीनचार रांगांनी सूर धरला. दुसऱ्या ओळीला आवाज कमी झाले. लोक ती ओळ लहानपणापासून हसत हसत म्हणत आले होते, पण समोरचा म्हातारा ती म्हणत होडीची एक फट बोटाने चाचपत होता. तिसऱ्या ओळीला एक बाई तेवढ्या गात राहिल्या. शेजारणीने त्यांना कोपराने ढोसलं. मग नुसते औषधवाले आणि ताईची पेटी, तीही एकाच सुरावर. पडदा पडला. टाळी नाही, काही नाही.

"पडलं," भावोजी म्हणाले.

मध्यंतर. पडद्याला डोळा लावून सभागृह बघायची त्यांची जुनी खोड. त्या दिवशी त्यांची हिंमत होईना. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. आमच्या भावोजींना चष्म्याशिवाय स्वतःची बायको दिसत नाही, सभागृह काय दिसणार! पडद्याला कान लावून तेवढे उभे राहिले.

पहिली घंटा झाली. एक खुर्ची करकरली. मग दोन. मग बरीचशी. आणि त्या करकरीत तिसऱ्या रांगेतून एक आवाज चढला. तो आवाज हाताखालून गेलेला कुठलाही विद्यार्थी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मुळीच विकू नये! पूल आज आहे, उद्या पडेल!"

"अहो, हळू बोला," हेडमास्तरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "आणि म्हाताऱ्याने खायचं काय? पोरगी बोलावतेय प्रेमाने, तर जावं."

"जावयाच्या घरी? त्या माणसाने?"

"काय वाईट आहे जावयात?" हा मागच्या रांगेतला कुणीतरी जावई असावा.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला नदीतलं काय कळतं?"

"आणि तुम्हाला कळतं? तुम्हाला तर पोहता येत नाही," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या चार रांगा दोन्ही बाजूंना वाटल्या गेल्या.

दुसरी घंटा झाली. तिसरीही झाली. औषधवाले होडीजवळ जाऊन बसले होते, दिवे मंद झाले होते, ताईची बोटं पेटीवर तयार होती. सगळे भावोजींच्या इशाऱ्याची वाट बघत होते आणि भावोजी पडद्याला कान लावून, तोंड उघडं टाकून उभे.

"अहो," ताई दबक्या आवाजात म्हणाली, "पडदा!"

भावोजींनी तिच्याकडे न बघताच हात वर केला.

"थांब गं जरा. त्यांचं भांडण तरी संपू दे."