शेकोटीभोवतीची रेघ

मनोहर गेल्याचा फोन अहेरीच्या आमच्या कार्यालयात आला, तेव्हा मी तपासणीचे कागद लावत बसलो होतो. फोनवर त्याची पत्नी, सुनंदावहिनी. सकाळी तलावावरून आले, छातीत दुखतं म्हणाले, कुरखेड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं... एवढंच त्या बोलल्या. बस बदलत बदलत मी गावी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात माणसं बसली होती आणि दाराच्या चौकटीला त्याची ॲल्युमिनियमची काठी टेकलेली होती. टोकाजवळ गोल चकती असलेली, बर्फावर स्कीइंग करताना वापरतात ती. मी त्या काठीकडेच बघत राहिलो. याला आता पाच आठवडे होतील.

आम्ही दोघं एका गावचे, एका वर्गातले. माझे वडील शाळामास्तर, त्याचे वडील गावतलावात जाळं टाकणारे. थंडीच्या दिवसांत मनोहर शाळेआधी वडिलांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा. बाहेर आला की हातपाय लाकडासारखे झालेले असायचे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शेकोटी पेटलेलीच असे. बापलेक सरळ विस्तवावर तळवे धरायचे. सगळेच धरायचे. कातडी चुरचुरली की पाय मागे घ्यायचा, ही तिथली रीत. मीही कितीदा तसाच बसलोय, पाण्यात न उतरता, नुसता आयता शेक घ्यायला.

पुढे तो सैनिकी शाळेत निवडला गेला आणि फौजेत हेलिकॉप्टरचा पायलट झाला. गावाने हेलिकॉप्टर वगैरे मानलं नाही. ‘मनोहर विमान चालवते’, विषय संपला. नव्वदच्या दशकात त्याची नेमणूक उत्तरेला, उंच बर्फात होती. सुट्टीवर आला की थंडीच्या गोष्टी सांगायचा, पण शौर्यकथा कधी नाही. बापाने जाळं विणायला शिकवावं तशा सांगायचा. दाढी संध्याकाळी करायची, सकाळी केली तर कातडीवरचं तेल जातं आणि गाल फुटतात. उघड्या हाताने लोखंड धरलं तर सालपट तिथेच राहतं, म्हणून रेशमी मोजे, त्यावर लोकरीचे, त्यावर चामड्याचे. वर हवा बिघडली आणि यंत्र तिथेच ठेवून उतरायची पाळी आली, तर जमावं म्हणून पायलटांनाही स्कीइंग शिकवलेलं. गुडघे वाकवून कसं उभं राहायचं ते त्याने एकदा आमच्या खळ्यात करून दाखवलं आणि म्हणाला, “तलावाच्या गाळात उभं राह्यतो न आपण, तसंच हाये बे.” चालताना घाम येऊ द्यायचा नाही, मोज्यांचा कोरडा जोड सदऱ्यात पोटाशी ठेवायचा. आणि सारखं सोबत्याच्या तोंडाकडे पाहायचं, कारण आपलं नाक पांढरं पडलेलं आपल्याला कळत नाही.

मी तेव्हा सरकारच्या कुष्ठरोग विभागात लागलो होतो. गावोगाव फिरायचं, अंगावरचे चट्टे बघायचे, कुठे बधिरपणा आहे ते तपासायचं. हिवाळ्यात आमचं एक काम वाढायचं. ज्यांच्या पायांची संवेदना गेलेली, ते शेकोटीला बसत, पाय भाजला तरी त्यांना कळत नसे, आणि मग जखमा चिघळत. त्यामुळे प्रत्येक घरी माझी एकच टकळी असे, विस्तवापासून लांब बसा. बोलून बोलून तोंड दुखायचं.

आणि याच मी काय केलं? एका हिवाळ्यात मनोहरचं पत्र आलं. बूट काढल्यावर पाय माझे वाटत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. मी उत्तरात त्याची थट्टा केली. ‘अबे, तू तलावातला माणूस, एवढ्यात भेलास काय? शेकोटी पेटव न् टाक पाय विस्तवावर.’ दोन ओळींचा विनोद. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गावची पाळ होती, माझे रुग्ण नव्हते. चार पैशांची अक्कल वापरली असती तरी पुरलं असतं.

त्यानंतर आलं ते त्याचं पत्र इस्पितळातून. हवा बिघडली, हेलिकॉप्टर वरच्या चौकीवर ठेवून तो आणि सोबतचा पायलट स्कीइंग करत खाली निघाले. वाटेत घामाने मोजे भिजले. बदलायला थांबावं तर वारा थांबू देईना. तळावर तंबूत रॉकेलचा स्टोव्ह होता. बसल्या बसल्या त्याने उजवा पाय स्टोव्हला लावला आणि चुरचुरायची वाट पाहत राहिला. चुरचुरलंच नाही. सोबत्याला वास आला तेव्हा कळलं... तीन बोटं कापावी लागली. हेलिकॉप्टर पायांनीही चालवायचं असतं, त्यामुळे उडणं कायमचं बंद झालं. माणसाला एकच गोष्ट मनापासून आवडावी आणि तीच जावी, तसं झालं.

काही वर्षं टेबलावर काढून तो गावी परतला, तलावात मासे सोडू लागला. पहिल्याच हिवाळ्यात मी धीर करून विचारलं.

“मन्या, खरं सांग. माह्यं पत्र वाचून पाय शेकला तू?”

“तुयं पत्र मले दवाखान्यात भेटलं, सारं झाल्यावर,” तो म्हणाला. “आन् मले शिकवलं नोव्हतं काय, कोमट पाण्यात हळूहळू गरम करा म्हणून? पण पाय गार पडला का तो आपोआप विस्तवाकडंच जाते. काऊन उगाच आपल्या अंगावर ओढून घेऊन राह्यला?”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मग तो माझ्याबरोबर गावोगाव येऊ लागला. माझी टकळी ऐकून जांभया देणारी माणसं त्याने बूट काढला की सरसावून बसत. “मी विमानवाला, सारं शिकलेला माणूस, तरी जाळून बसलो,” असं म्हणून तो काठीच्या टोकाने शेकोटीभोवती मातीत गोल रेघ ओढायचा. “पाय हिच्या अलीकडं. गरम वाटो का नको वाटो.” एका म्हातारीने विचारलं, “अन् थंडी वाजली त?” “त आंगावर घोंगडं घे बाई, पाय नको देऊ.” माझ्या पंधरा वर्षांच्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या रेघेने केलं. मला थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात पुन्हा गावी गेलो. वहिनींनी माझ्या पत्रांचा गठ्ठा समोर ठेवला. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात, ते हाती पडलं ती तारीख लिहायची मनोहरची सवय होती. मी नको ते, थट्टेचं पत्र शोधलंच. कोपऱ्यातली तारीख पाय भाजला त्या दिवसाच्या नऊ दिवस आधीची होती. मी वहिनींकडे पाहिलं.

“ते असते त दाखवलं नसतं मी,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यासाठीच लपवून ठेवलं होतं त्यायनं. पण आता कोणासाठी लपवू, भाऊजी?”

मला रडू आलं. पाय त्याचा गेला आणि इतकी वर्षं सांभाळत राहिला तो मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चांगलीच थंडी होती. वहिनींनी शेकोटी पेटवली, दाराजवळची काठी घेतली आणि शेकोटीभोवती रेघ ओढली. मग मला बसायला पाट दिला. माझे पाय गार पडले होते. मी ते रेघेच्या अलीकडेच ठेवले.