तिसऱ्या वेळेच्या आधी

कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी माझा भाऊ गेला. तो तबला शिकवायचा. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. नदीकाठी, दुर्गाघाटावरच्या घरात आम्ही दोघं राहत होतो.

त्यानंतर त्याच्या खोलीतल्या तबल्याला मी हात लावला नाही. तबला आणि डग्गा आपापल्या चुंबळीवर, म्हणजे कापडाच्या त्या गोल बैठकीवर, होते तसेच राहिले. वरचं कापडही त्यानेच घातलेलं. पौषात त्याची एक विद्यार्थिनी आली. गल्लीतल्याच मराठी घरातली, पण बोलता बोलता हिंदीत शिरणारी.

"आत्या, घाटावर जॅझचा प्रोग्राम आहे, दुपारचा. बाहेरच्या लोकांबरोबर मी वाजवणार आहे. गुरुजींचा तबला द्याल का? माझा नवा आहे, आवाज अभी खुला नहीं. आणि न वाजवता ठेवला की आवाज बसतो, हे तेच सांगायचे."

"बघते," मी म्हणाले.

आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही. तिला ते ठाऊक होतं. दारात चपला घालताना ती म्हणाली, "ऐकायला तरी या. तिकीट-बिकीट काही नाही."

माघातल्या त्या दुपारी मी एक पुस्तक घेऊन निघाले. शेजारच्या काकू उंबऱ्यावर मटार सोलत होत्या.

"अहो, वर्ष व्हायचंय अजून. गाणं ऐकायला निघालात?"

"गाणं नाही. जॅझ आहे."

"ते चालतं होय?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर सतरंज्या अंथरल्या होत्या. कोण ऐकायला आलं होतं आणि कोण आधीपासूनच तिथे होतं, ते सांगता आलं नसतं. एकजण धोतर वाळत घालून त्याच्या सावलीत बसला होता. एक बकरी वरच्या पायरीवर झोपली होती. पलीकडची वाळू उन्हात पाण्यापासून जराशी वर उचलल्यासारखी दिसत होती. सॅक्सोफोन वाजवणारा डोळे मिटून एकच सूर इतका वेळ धरून ठेवायचा की तेवढ्यात एखादी नाव डावीकडून येऊन उजवीकडे दिसेनाशी व्हायची. मी पुस्तकातली एकच ओळ कितीदा तरी वाचली. ऊन पाठीवरून खांद्यावर आलं.

माझ्या मागे दोन म्हातारे बसले होते. मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्याशिवाय इथल्या माणसांना ऐकता येत नाही. तालाची पहिली मात्रा, सम, त्यांना सापडत नव्हती.

"सम किधर गया, गुरु?"

"नाव पकड़ के उस पार निकल गया. साँझ तक लौट आएगा."

"और न लौटा तो?"

"तो तुम चाय मँगाओ."

हे घरी जाऊन त्याला सांगायचं, असं माझ्या मनात आलं. तेवढं येऊन गेलं. मी पान उलटलं.

मग बाकीचे हळूहळू थांबले आणि तबला एकटा राहिला. भावाची ती विद्यार्थिनी त्यानेच बसवलेली तिहाई वाजवत होती. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळी समेवर यायचं. त्याची एक खोड होती. तिसऱ्या वेळेच्या आधी तो श्वासभर जास्तच थांबायचा. शेजारच्या खोलीत वाचत असताना, तो थांबला की माझी मान वर व्हायची.

"वाचू दे ना रे," मी ओरडायचे.

"वाचतेस कुठे? वर बघतेयस," भिंतीपलीकडून उत्तर यायचं.

तिने तुकडा एकदा वाजवला. दुसऱ्यांदा वाजवला. आणि थांबली. ड्रमवाल्याच्या काठ्या वरच राहिल्या. पाण्याचा पायरीवरचा आवाज तेवढा ऐकू आला. माझी मान वर झाली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मग तिसरी वेळ आली, आणि सम. शेवटचा ठोका बरोबर जागेवर पडला, पण कोरडा. घुमला नाही.

"लो, लौट आया," मागचा म्हातारा म्हणाला.

"आया तो, पर गला बैठा है."

ऊन घाटावरून उतरल्यावर ती तबल्याची पिशवी खांद्याला लावून माझ्यापाशी आली. "चल," म्हणून मी तिला घरी घेऊन गेले आणि त्याच्या खोलीतलं कापड काढलं. तिने आधी तबल्याला कपाळ टेकवलं, मग बोटाने एकदाच हलकं वाजवलं. आवाज बसला होता.

"थोड्या दिवसांत येईल," ती म्हणाली. "परत कधी आणून देऊ?"

"नको. वाजव."

तबला तिने उचलला, डग्गा मी. गल्लीच्या वळणापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. काकूंनी आमच्या हातांकडे पाहिलं आणि सोलायला पुढची शेंग घेतली.

चुंबळी तिच्याकडे स्वतःच्या होत्या. त्याच्या खोलीत आता दोन चुंबळी आहेत. शेजारच्या खोलीत मी वाचत असते.