आमच्याकडे असं काही होत नाही

"अगं, तो कप नको घेऊस. तुझा खिडकीत आहे ना, खाली लाल ठिपका असलेला."

डॉक्टरसाहेबांच्या मॅडम जिन्यावरून बोलल्या. गोड आवाजात. ओरडून बोलायची त्यायची सवयच नाही. समोर बाकावर सात-आठ पेशंट बसले होते. एका म्हातारीले मी आत्ताच इंजेक्शन देल्लं होतं. हातात घाई होती, म्हणून ट्रेमधला जवळचा कप उचलला, इतकंच.

मी कप खाली ठेवला. मग मॅडम म्हणाल्या, "वैशाली, तो वर पाठव. उकळून घेते."

वैशालीताई, म्हणजे आमच्या दवाखान्यात नंबर लावणारी. तीन वर्षं आमी एका टेबलावर डबा खाल्ला. तिनं दोन बोटांत धरून तो कप उचलला अन् वर नेला. म्हातारी दंडावरचा कापूस दाबून बसली होती. माझ्याच हाताची सुई होती ती. ती कोणी उकळून मागितली नाही.

खिडकीतला माझा कप घेतला, उलटा केला. नेलपॉलिशचा ठिपका. घासून घासून फिका झालेला. घासणारी मीच.

आमच्या वाशीमकडल्या मालेगावात हा दवाखाना. खाली दवाखाना, वर डॉक्टरसाहेबांचं घर. मी मेडशीहून सकाळच्या एसटीनं येते. लेकराची शीर सापडली नाही की साहेब मलेच हाक मारतात. चहाची किटली वरून येते. बाकीचे कप ट्रेमध्ये, धुवायले वर जातात. माझा कप मीच धुते, खिडकीत ठेवते. अन् खोटं कायले बोलू, मले त्या कपाचं कौतुक होतं. वाटे, आपला मान आहे इथं.

नोकरीले लागली तेव्हा मायले सांगतलं होतं, "माय, मॅडमनं मले माझा स्वतःचा कप देल्ला."

माय भाकर थापून राह्यली होती. तिचा हात थांबला. "बाकीच्यायले बी देल्ला का वं?"

"नाही. मलेच."

मायनं भाकर तव्यावर टाकली. आमी बौद्ध. मायनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, पानी वरून वतलेलं ओंजळीनं पेली. तिले तवाच कळलं होतं. मले नर्सिंग शिकूनही कळायले तीन वर्षं लागले.

फोनवर बायांचा एक मोठा ग्रुप आहे. सासूचं, नवऱ्याचं, नोकरीचं, सगळं तिथं लिहितात. नाव लपवूनही लिहिता येते. रविवारी दुपारी मी कपाचं लिहिलं. नाव नाही, दवाखान्याचंही नाही. फक्त वाशीम जिल्हा. घर माझ्या नोकरीवर चालते, म्हणून भेली.

पहिलीच कमेंट आली, "कथा छान रचली आहे."

मग एकीमागे एक. फोटो कुठंय. दवाखाना आहे, स्वच्छतेसाठी असेल. आजकाल असं कुठं असतं. हिला फुकटची सहानुभूती पाहिजे. एकीनं लिहिलं, सिस्टर इतकं नीट लिहू शकते का, हे कोण्या पुरुषाचं काम दिसते.

हसावं का रडावं, समजेना. त्याच आठवड्यात तिथं एका बाईनं लिहिलं होतं. म्हणे तिची पर्स स्टेशनवर हरवली, एका म्हातारीनं आणून देल्ली, वळून पाह्यलं तर म्हातारी गायब. गावाचं नाव नाही, फोटो नाही. खाली नुसते जोडलेले हात. कोणी विचारलं नाही, बाई, म्हातारी गेली कुठं. ते खरं मानायले काही लागत नाही. कोणाची खुर्ची हलत नाही. माझा कप खरा मानला, तर प्रत्येकीले आपल्या घरची खिडकी पाहा लागते.

मग ती कमेंट दिसली. तिच्यावर सगळ्यात जास्त लाइक. "मी वाशीम जिल्ह्यातलीच आहे. दवाखान्यातच काम करते. आमच्याकडे असं काही होत नाही."

कमेंटवालीच्या फोटोत रांगोळी. रांगोळीच्या बाजूनं वैशालीताई.

सोमवारी तिले विचारलं, "ताई, काहून लिहिलं तसं?"

तिचा चेहरा उतरला. "मले का माहीत, ते तू लिहिलं म्हणून."

"माहीत असतं तर?"

ती नंबराची वही चाळत राह्यली. मग म्हणाली, "तू फोटो तरी टाकायचा होता वं. लोक विश्वास कसा ठेवतील?"

ठिपका तिनं रोज पाह्यला होता. तिलेही फोटो पाहिजे होता.

तिचा राग राग केला म्या. एसटीत बसली तरी तिचं वाक्य डोक्यातून जाईना. कुठंतरी ऐकलं होतं. आधी वाटलं, असं तर सगळेच बोलतात. मग फोन काढला अन् त्या ग्रुपवरच्या माझ्याच जुन्या कमेंटा काढून पाह्यल्या.

एका पारधी बाईची गोष्ट होती. बाळंतपणाले गेली, तिले कॉट देल्ली नाही, वऱ्हांड्यात गोणपाटावर ठेवलं. सिस्टर म्हणे, तुले सवय आहे खाली झोपायची. खाली लोक पुरावा मागून राह्यले होते. अन् त्यायच्यात मी. माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट. "मी स्वतः सिस्टर आहे. आमच्याकडे असं काही होत नाही."

अक्षर न् अक्षर तेच.

मले तवा माहीत नव्हतं का? होतं. शिकत असताना पाह्यलं होतं. अशाच एका बाईले चादर देऊ नको, म्हणून मोठ्या सिस्टरनं मले सांगतलं होतं, अन् मी देल्ली नव्हती. पण नवा पांढरा ड्रेस अंगावर आला होता. त्या बाईचं खरं मानलं असतं, तर तो ड्रेस मळला असता. म्हणून तिले खोटी ठरवली. मेडशीचा स्टॉप आला तरी मी बसूनच होती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी चहा आला. मी ट्रेमधला कप उचलला, पेशंटसमोर, अन् पेली. मॅडम जिन्यावरच होत्या. वळून वर गेल्या. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यायलेच कागदाचे कप. वैशालीताई म्हणाली, "पाह्य, तुझ्यापायी आमचेही कप गेले." मी म्हटलं, "गेले तर गेले."

त्या पारधी बाईच्या पोस्टखाली मी लिहिलं, माझ्या नावानं. "ताई, मी खोटं बोलली होती. होते तसं. मी पाह्यलं आहे, अन् मीही केलं आहे." चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. "पोरगं तवाच गेलं. आता तुमचं खरं घेऊन मी काय करू?"

तिनं माफ करावं असं मी काही केलंच नाही.

माझी पोस्ट ग्रुपनं काढून टाकली. म्हणे जातीचं लिहायची मनाई आहे. मी परत लिहून राह्यली आहे, माझ्या पानावर. यावेळी माझं नाव, माझा फोटो, माझं गाव मेडशी. मायले वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नोकरी जाईन, पोरी."

"जाईन."

"मंग निंदाले चाल माह्यासंग. पन खोडू नोको."

कपाचा फोटो मी टाकणार नाही. ज्याले पुरावा पाहिजे, त्यानं मेडशीले यावं, माझ्यासमोर बसून मले खोटी म्हणावं. अन् पुढं कोण्या बाईनं आपलं लिहिलं, तर मी फोटो मागणार नाही. मी विचारीन, ताई, कोणता वार्ड होता, कोण होतं ड्युटीवर. अन् ड्युटीवर मी असली, तर माझंही नाव लिहीन.

पोस्टची शेवटची ओळ लिहून झाली आहे. आमच्याकडे असं होते. मी तिथंच काम करते.