कॅमेऱ्यासमोर रांगलेली आई

दादा, मी गाव सोडलं त्या सकाळी तू एसटीत माझी बॅग चढवत होतास आणि आई खाली उभी राहून कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "वाघ बघूक मुंबैक कित्याक जाऊक व्हया? हय काय कमी आसत?" कंडक्टर हसला. मला लाज वाटली. तिचं काही चुकलं नव्हतं, आपल्या गोठ्यामागे बिबट्या अधूनमधून यायचाच. पण त्याचा अभ्यास शिकवणारं केंद्र बोरिवलीच्या जंगलाला लागून होतं आणि मला तेच शिकायचं होतं.

सहा वर्षं झाली. मुलुंडला खोली, बोरिवलीला नोकरी, मधे जंगल, म्हणून रोज बसने वळसा. सोसायट्यांमधल्या मुलांना सांगते, कचरा उघड्यावर टाकला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या. उरलेला वेळ ट्रॅप कॅमेऱ्यांचा. झाडाला बांधलेला हा कॅमेरा समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो. बांधून झाला की बिबट्याच्या उंचीवरचं टिपतोय का हे बघायला आम्ही त्याच्यासमोर रांगतो. पहिल्यांदा रांगले तेव्हा वाटलं, याच्यासाठी एमएस्सी केली! आणि एक नियम आहे. पाड्यावरची माणसंही त्या वाटेने जातात, त्यांचे फोटो ठेवायचे नाहीत. माणूस दिसला की कायमचा डिलीट.

गेल्या वर्षी आई आली तेव्हा परवानगी काढून तिला सोबत नेलं. मी झाडाला कॅमेऱ्याचा पट्टा आवळत होते, तेवढ्यात तिने हिरव्या साडीचा पदर खोचला आणि हातागुडघ्यांवर आली. "बग गो, मी बिबटो!" मान वळवून हसत सुटली. मी ओरडले, "आई, गुडघे दुखतील ना!"

गावी परतल्यावर दोन आठवड्यांत ती गेली. तेरावं करून मी कामावर आले. माझ्यासोबत काम करणाऱ्या नीलमने तोवर कॅमेऱ्यांच्या मेमरी कार्डांवरचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन कार्डं पुसून परत जंगलात लावली होती. मी फोटो निवडायला बसले. डोकं बंद होतं, बोटं चालू होती. सांबर, ठेव. मुंगूस, ठेव. नवं फोल्डर उघडलं. हिरवं काहीतरी, गुडघ्यांवर, मान वळलेली. माणूस, डिलीट. तिन्ही फोटो गेल्यावर मला कळलं.

नीलमने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. माणूस होतं."

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "तिचो हसतानाचो फोटो एकय नाय गो. तुज्याकडे आसा काय?" मी म्हटलं, "शोधतंय." तू ओटीवरच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवलास. दहा महिने मी खोटं बोलतेय.

तेव्हा रडू आलं नाही, अजूनही येत नाही. याची मला भीती वाटते. मुलुंडच्या खोलीला घर म्हणवत नाही आणि आपल्या घरात तो रिकामा खिळा आहे, म्हणून गणपतीलाही आले नाही. महिन्यातून एकदा त्या झाडापाशी जाते. सोबत कुणीही असलं तरी तिथे रांगायचं काम मी कुणाला देत नाही. हात टेकते तिथली माती गार असते. आई तिथे हसली होती हे फक्त मला माहीत होतं. आता तुलाही आहे.

खिळा काढ, दादा.