मामांच्या शेजारची जागा

जगात जेवढे म्हणून घाट आहेत ते सगळे आमच्या हिच्या मामांना ओळखतात, अशी माझी खात्री आहे. निदान मामांची तरी तशी पक्की खात्री होती. सपाट रस्त्यावर हा माणूस अगदी सामान्य. फलटणच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडावं लागलं तर जांभया देत बसायचा. पण घाटाची पहिली पाटी दिसली की मामा ताठ व्हायचे, चपला काढून सीटखाली सरकवायचे, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे आणि आवाज एकदम खाली आणायचे. घाटात मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. जीपमधला टेप तर आधीच बंद झालेला असायचा. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "वडीलधाऱ्यांफुडं कुनी गानी लावतं का, पावनं?"

मामा माण तालुक्यातले, दहिवडीजवळच्या एका गावचे. तिकडं पावसाचा भरवसा नसल्यामुळं घरटी एक माणूस मुंबईला, नाहीतर पलटणीत. मामा पलटणीत गेले, ड्रायव्हर झाले आणि हिमालयातले रस्ते झिजवून पेन्शनीवर परत आले. आल्यावर एक जुनी जीप घेतली. ती चालू करण्याआधी चारी टायरना टाचेनं हलकेच ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. डॉक्टरकडं सुद्धा एवढी बारीक तपासणी होत नाही. त्यांचा दुसरा नेम म्हणजे, चढणाऱ्याला पहिला मान. उतरताना समोरून कुणीही वर येताना दिसलं की मामा जीप कडेला घेऊन थांबणार. पसरणीच्या घाटात एकदा मेंढरांचा कळप वर येत होता. मामांनी इंजिन बंद केलं आणि शेवटचं कोकरू नजरेआड होईपर्यंत आम्ही तिथंच. जीपमध्ये नवरदेव होता आणि वाईत मुहूर्ताची वेळ झाली होती. नवरदेव रडकुंडीला आला तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "लगीन खाली होनारच हाय. ती बिचारी चढत्यात."

पण सगळ्यात मोठी तऱ्हा पुढच्या सीटची. घाट सुरू झाला की मामांच्या शेजारची जागा रिकामी झाली पाहिजे. तिथं कुणीही बसलेलं असो, पायथ्याला उतरून मागं. दिवाळसणाला मी जावई म्हणून ऐटीत पुढं बसलो होतो, तर मला उठवून बाजरीच्या पोत्यावर बसवलं. मामींना जन्माची गाडी लागायची. त्या मागं नाकाशी लिंबू धरून डोळे मिटून बसायच्या आणि पुढची मोकळी सीट वारा खात असायची. लोक म्हणत, पलटणीत कसलासा अपघात झाला असेल. मामा एवढंच सांगायचे की घाटात शेजारी कुणी बसलं की ध्यान फाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामांची मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळं इटलीत होती आणि तिच्या बाळंतपणाला मामा-मामी तिकडं गेले होते. योगायोग असा की सांगलीच्या आमच्या कारखान्यानं एक इटालियन मशीन घेतलं आणि ते शिकायला मला त्याच सुमारास तिथं धाडलं. बारसं झालं आणि मामांनी मनातली गोष्ट बाहेर काढली. त्यांचे वडील, ज्यांना ते आबा म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले होते. तेही मोटारीवरच. मामा पोटात असतानाच आबा तिकडं समुद्राकाठच्या एका घाटात गाडीसकट गेले. बरोबरच्या एका शिपायानं पुढं गावी येऊन एवढंच सांगितलं, आणि म्हणाला की तिथं दगडावर नाव कोरलंय. मामांच्या आईनं ते नाव बघायचं बघायचं म्हणत डोळे मिटले. आता मामांना ते बघायचं होतं. नाव तिथं नसलं तर काय, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. मुलीच्या नवऱ्यानं तिथल्या सैनिकी दफनभूमीचा पत्ता शोधला आणि आगगाडीची तिकिटं काढून देतो म्हटलं. मामांनी मान हलवली. "आबा मोटार हाकत गेलं. मी काय डब्यात बसून जाऊ?"

म्हणून भाड्याची गाडी ठरली. मामांनी साताऱ्याहून निघतानाच परदेशात मोटार चालवायचा परवाना काढून आणला होता, म्हणजे हा बेत किती जुना ते बघा. गाडी मिळायच्या ठिकाणी एक तरुण मुलगी कागद घेऊन आली तर मामा टाचेनं टायर ठोकत होते. मग त्यांनी मामींच्या पिशवीतली लिंबं काढून चाकांखाली ठेवली. मामींच्या नाकासाठी एक राखलं, तर चौथ्या चाकाला लिंबू कमी पडलं. ती मुलगी बघत राहिली, आत गेली आणि चहासाठी ठेवलेलं एक लिंबू आणून मामांच्या हातावर ठेवलं. त्या क्षणी इटली हा देश मामांना पसंत पडला. अडचण एकच होती, तिकडं चालवणारा डावीकडं बसतो. सुरुवातीचा सगळा वेळ गिअर बदलायला मामांचा डावा हात दरवाजाच्या कडीवर जात होता. पण समुद्र दिसला, रस्ता अरुंद होऊन कड्याला चिकटून वळायला लागला, मामांनी चपला काढल्या, बटण लावलं, आणि हात आपोआप जागेवर आले. गाडी थांबवून त्यांनी मला मागं पाठवलं. नकाशा वाचायचं काम माझं, आणि घाटात हळू बोलायचं, त्यामुळं परदेशातल्या अनोळखी रस्त्यावर मी मागच्या सीटवरून डावं-उजवं कुजबुजत होतो.

त्या रस्त्यासारखा रस्ता मी पुन्हा पाहिला नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल खाली निळं पाणी, आणि पाण्यात खांबांवर उभी केलेली कोळ्यांची लाकडी मचाणं, आपल्याकडं जोंधळ्यात राखणीला असतात तशी. मामांनी प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. उतरताना समोरून गाडी आली की ते कडेला थांबून तिला मानानं वाट देत. आमच्या मागं गाड्यांची रांग लागली. लोक काचा खाली करून हात नाचवायला लागले. मामा आरशात बघून खूश झाले. म्हणाले, हितली मानसं शिस्तीची, हातानं इशारा केल्याशिवाय गाडी हलवत न्हाईत. आणि त्यांनीही खिडकीतून हात काढून आपल्याकडचे सगळे इशारे करून दाखवले.

एका वळणावर भिंतीच्या कोनाड्यात मेरीमातेची छोटी मूर्ती होती, पुढं फुलं, वर दिवा. मामांनी गाडी तिथंच उभी केली. घाटाची देवी आणि नारळ न फोडता पुढं जायचं, हे त्यांच्या हातून होणं नव्हतं. दहिवडीच्या बाजारातला नारळ मामींच्या पिशवीत होताच. मागचा ट्रकवाला तावातावानं खाली उतरून आला. तोवर मामांनी कठड्याच्या दगडावर नारळ फोडला होता आणि पाणी कोनाड्यापुढं सोडून हात जोडले होते. ट्रकवाल्यानं ते पाहिलं, त्याचा आवाज खाली आला, त्यानंही छातीवर क्रूस काढला. मामांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो खात खात ट्रककडं गेला आणि मामांना आवडेल असा लांबलचक हॉर्न दिला.

हे चाललं होतं तेव्हा मामी आणि मी गाडीतच होतो. त्या लिंबू हुंगत होत्या, चेहरा पांढरा पडला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, मामी, निदान आज तरी पुढं बसा. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "ती जागा मामंजींची हाय. हे पलटणीत निघालं तवा सासूबाईंनी सांगितलं व्हतं, घाट आला की भ्यायचं न्हाई, आबा शेजारी बसल्यात म्हनायचं. तवापासनं मी कवाच बसले न्हाई." मग पुन्हा लिंबू नाकाला लावलं. मला पोत्यावरचा तो दिवाळसण आठवला.

दुपारी आम्ही त्या दफनभूमीशी पोचलो. समुद्राकडं तोंड करून उभी असलेली हिरवीगार टेकडी, पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी एका बाजूला नावं कोरलेला मोठा दगड. मामांनी फाटकातच चपला काढल्या. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, म्हणून मी एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागलो. आपल्याकडचीच आडनावं, जशी दहिवडीच्या शाळेत हजेरी चाललीय. मामा प्रत्येक नावाला मान हलवत होते. दगड संपत आला होता. आणि मग ते आलं, पुऱ्या नावानिशी. मी थांबलो. मामांनी बोट ठेवून ते अक्षर अक्षर चाचपलं. मग दोन पावलं मागं येऊन खाडकन सलाम ठोकला आणि हळू आवाजात, घाटात बोलतात तसं म्हणाले, "आबा, रस्ता आता चांगला केलाय. वळनं तेवढी हाइत तशीच हाइत." मामींनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

परत गाडीशी आलो. मामी सवयीनं मागचं दार उघडायला लागल्या. मामांनी वळसा घालून पुढचं दार उघडून धरलं.

"फुडं बस."

"आवं, पर घाट हाय की अजून."

"आसू दे. आबा उतरलं. त्यांचं ठिकान आलं."

मामी पुढं बसल्या. सगळा घाट त्या डोळे उघडे ठेवून समुद्र बघत होत्या आणि लिंबू मांडीवर तसंच पडून होतं. त्यांना गाडी लागली नाही. घाट उतरल्यावर त्या म्हणाल्या की एवढी वर्षं मागं बसूनच लागत होती म्हणायची.

त्यानंतर गावाकडंही मामी पुढंच बसायच्या. आता मामांची नजर गेली, जीप विकली, आणि मी गाडीनं घाट चढताना टेप बंद करतो तो त्यांच्या आठवणीनं. पण जीप होती तोवरची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पसरणीच्या एका अवघड वळणावर मामा अजूनही डावीकडं एकदा बघून घ्यायचे. तेव्हा मामी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "मी हाय." मग मामा हॉर्न द्यायचे आणि वळण घ्यायचे.